काळूबाबांच्या छातीचे दोन फोटो

१

डॉक्टर जुईली बलकवडे यांच्या टेबलावर काळू मुकणे या एकाच इसमाच्या छातीचे दोन स्कॅन होते, आणि दोन्ही पाहून कुणीही शपथेवर सांगितलं असतं की ही दोन वेगळी माणसं आहेत.

पहिला स्कॅन हिवाळ्यातला. हवेनं भरलेलं फुफ्फुस स्कॅनमध्ये काळं दिसतं, आणि तिथे काळं दिसणं हीच चांगली खूण. काळूबाबांची फुफ्फुसं त्यात बरीचशी काळी होती, तळाशी आणि कडेला तेवढी बारीक जाळी धरलेली. दुसरा स्कॅन ऐन वैशाखातला, परवाचा. त्यात सगळीकडे राख फासल्यासारखं, अधूनमधून कुठे काळे डाग. खाली कुठल्याशा न पाहिलेल्या डॉक्टरनं निकाल देऊन टाकला होता : आजारात झपाट्यानं वाढ.

काळूबाबा ताम्हिणीच्या वरच्या वाडीतले. जन्म मध काढण्यात गेलेला, साठी केव्हाच ओलांडलेली. फुफ्फुसं हळूहळू कडक होत जाण्याचा आजार त्यांना जडला होता आणि तो कशामुळे जडला, हे जुईलीला आजवर सापडलं नव्हतं. कारण सापडत नाही तेव्हा डॉक्टर काय करतात? गोळ्या लिहून देतात. तिनंही दिल्या होत्या. सून पिंकी दर महिन्याला सासऱ्याला एसटीत घालून पौडच्या दवाखान्यात आणायची आणि गोळ्या घेऊन जायची.

गुरुवारी दुसरा स्कॅन घेऊन काळूबाबांबरोबर दोघी आल्या होत्या. एक ही पिंकी आणि दुसरी काळूबाबांची मुलगी प्राजक्ता. प्राजक्ता हिंजवडीकडच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्यांची व्यवस्था बघते. तिकडच्या नव्या सेंटरवर बापाचा हा स्कॅन तिनंच हट्टानं करवून घेतला होता. ओपीडी संपत आली होती, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा कसाबसा फिरत होता आणि जुईलीचं डोकं सकाळपासून ठणकत होतं. तिनं रिपोर्टाची शेवटची ओळ वाचली आणि तिच्या तोंडून निसटलं, "औषध पोटात गेलं असतं तर असं झालं नसतं."

दमलेल्या माणसानं बोलू नये हे खरं. पण न बोलून डॉक्टरचं चालत नाही. प्राजक्तानं फक्त मान वळवून वहिनीकडे पाहिलं. पिंकी खाली बघत राहिली. काळूबाबांना यातलं काही ऐकू गेलं की नाही कोण जाणे; ते आपल्या खांद्यावर चिकटलेलं बारीकसं पांढरं पीस निवांतपणे टिपत बसले होते.

शुक्रवारी संध्याकाळी काळूबाबांचा मुलगा निलेश दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. ढाब्यावर काम करणारा, अंगानं भक्कम आणि तोंडानं मुका म्हणावा असा माणूस. बराच वेळ चप्पल जमिनीवर घासत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, तुमी काल बोल्ला ना, औषाद पोटात जात न्हाई म्हून. ताईनं त्येच धरून ठिवलंय. रविवारी चार मानसं बसवनार हाय. पिंकीला माहेरी घाला म्हनती. बाबांला ती तिच्याकडं न्येनार."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"म्या काय म्हननार. तुमी डाक्टर हायसा."

तो गेल्यावर जुईलीनं दोन्ही स्कॅन पुन्हा समोर घेतले. आपल्या एका वाक्यावर कुणाच्या घरातून बाई बाहेर निघणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. काही महिन्यांत फुफ्फुसाची अशी वाट लागते, नाही असं नाही. पण मग गुरुवारी हा माणूस दवाखान्याच्या पायऱ्या चढून हसत आत कसा आला?

ही फुफ्फुसं काळूबाबांचीच होती कशावरून?

२

माणसाचा चेहरा स्कॅनमध्ये येत नाही, पण हाडं येतात, आणि हाडं खोटं बोलत नाहीत. तरुणपणी काळूबाबा आग्या मोहोळ काढताना उंच झाडावरून पडले होते. डाव्या बाजूच्या दोन बरगड्या तेव्हा मोडल्या आणि दवाखान्यात न जाता आपल्याआपणच वाकड्यातिकड्या जुळल्या. जुईलीनं त्या पहिल्या स्कॅनमध्ये शोधल्या. मग दुसऱ्यात. त्याच बरगड्या, तोच बाक, जोडावर तीच गाठ.

म्हणजे अदलाबदल नव्हती. एक सोपं उत्तर हातचं गेलं आणि तिला थोडं वाईटच वाटलं. सेंटरवाल्यांची चूक निघाली असती तर एक फोन करून मोकळं होता आलं असतं.

आता गोष्ट अशी उरली. माणूस तोच. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजतात तो आकडा हिवाळ्यात होता तेवढाच गुरुवारीही होता. चालल्यावर लागणारी धाप तेवढीच. वजनही तेवढंच. फक्त फोटो बिघडलेला. माणूस जागच्या जागी आणि त्याचा फोटो मरणाच्या दारात. दोघांपैकी कुणीतरी थाप मारत होतं.

शनिवारी सकाळी तिची सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी आपण पाय वर करून झोपणार असं ती गेली कित्येक वर्षं ठरवत आली होती. तिनं गाडी काढली आणि घोटवड्यावरून हिंजवडी गाठली.

स्कॅन काढणारा तंत्रज्ञ किशोर पंचविशीतला, चुणचुणीत आणि आल्या आल्या आपल्या यंत्राची बाजू घेणारा. मशीन नवंकोरं आहे, दोष असणं शक्य नाही, वाटलं तर इंजिनिअरला विचारा, असं त्यानं तिनं काही विचारायच्या आतच सांगून टाकलं. जुईलीनं त्याला बोलू दिलं. मग विचारलं, तो म्हातारा आठवतो का?

आठवत होता. किशोरच्या म्हणण्याप्रमाणे इतका शहाणा पेशंट महिन्यात आला नव्हता. छातीचे बाकीचे रोगी श्वास रोखायला सांगितला की मध्येच खोकतात, हलतात, फोटो पुसट येतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. हा माणूस मात्र डोळे मिटून दगडासारखा पडून राहिला होता. खोकला नाही की चुळबुळ नाही.

"श्वास रोखायला त्यांना तुम्ही सांगितलंत?"

"मशीनच सांगतं, मॅडम. आवाज भरलेला आहे आत. हिंदीत बोलतं, सांस लीजिए, सांस रोकिए. मी काचेपलीकडे असतो."

"आत त्यांच्याबरोबर कोण होतं?"

कुणीच नव्हतं. मुलगी बाहेर फोनवर बोलत बसली होती. किशोरनं सगळं भराभर सांगितलं, पण ती उठल्यावर तो दारापर्यंत मागे आला. काहीतरी त्याच्या मनात घोळत होतं.

"मॅडम, रागावू नका. त्या बाबांना घरी जेवायला घालतात ना? काचेतून बघत होतो मी. पोट नुसतं पाठीला लागलं होतं. एवढं खपाटीला गेलेलं पोट मी दुसऱ्या कुणाचं बघितलं नाही."

जुईली गाडीत बसली, पण किल्ली फिरवायचं तिला सुचेना. पिंकीची बाजू घ्यायला म्हणून ती निघाली होती. आता गोळ्यांचा प्रश्न बाजूलाच राहिला, सासऱ्याला ती पोटभर जेवायला घालते की नाही हेच बघायची वेळ आली होती.

३

धरणाच्या कडेकडेनं ताम्हिणीला पोचायला दुपार झाली. पाणी पार तळाला गेलेलं, काठावर भेगाळलेला चिखल. वाडीकडे चढणारी पायवाट गाडीला मानवणारी नव्हती, तेव्हा डॉक्टरीणबाई पदरानं घाम टिपत चालतच वर गेल्या.

घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, नीटनेटकं. स्वयंपाक बाहेरच्या पडवीत, म्हणजे धूर घरात कोंडत नव्हता. पिंकी भांडी घासत होती. डॉक्टरला दारात बघून ती उठली, हात धुतले, पाणी आणून दिलं आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बसा म्हणायची रीत पाळली, हसायची पाळली नाही.

जुईलीनं विचारायच्या आधी पिंकीच बोलली. "गोळ्या म्या दिल्या. रोजच्या रोज दिल्या. तुमाला खोटं वाटत असंल तर वाटू द्या. माजा आता जीव ऱ्हायला न्हाई कुनाला समजावायचा."

तिच्या आवाजात राग नव्हता. तो संपून गेल्यावर जे उरतं ते होतं, आणि ते जुईलीला ओळखू आलं, कारण दर गुरुवारी संध्याकाळी तिच्याकडेही तेच उरायचं. तिनं गोळ्यांचा विषय काढलाच नाही. बाबा जेवतात कसे, एवढं विचारलं.

बाबा जेवत होते, तेही भरपूर. नाचणीची भाकरी, कालवण, वर मागून घेतलेला भात. मग जुईलीनं आजाराची सुरुवात कशी झाली ते पुन्हा पहिल्यापासून विचारलं. पिंकीला सगळं पाठ होतं.

"मागल्याच्या मागल्या दिवाळीनंतर खोकला लागला. त्याच्या आदी बाबांला शिंक म्हून ठावं न्हवती. सकाळी उटलं की लई खोकत्यात, दिस वर आला की कमी. आन् रानात गेलं की खोकतच न्हाईत. आत्ता चैतात पोरांसंगं मधाला गेल्ते, चार राती तितंच ऱ्हायले. आले त्ये येकदम ताजे. घरी आले आन् पुन्ना सुरू."

"रानात मोहोळाला धूर देतात ना? त्यानं त्रास नाही झाला?"

"न्हाई ना. मलाबी त्येच नवल वाटलं."

आतल्या खोलीत काळूबाबांची खाट होती. डोक्याशी एकावर एक दोन जाडजूड उशा, दोन्हींना जुन्या लुगड्याचे स्वच्छ अभ्रे. सपाट झोपलं की दम लागतो म्हणून दोन, असं पिंकी म्हणाली. घरात मांजर नव्हतं, कबुतरं नव्हती. कोंबड्या होत्या, पण त्या गेल्या पावसाळ्यात मुंगसानं संपवल्या, त्यानंतर पाळल्या नव्हत्या. जुईलीनं हे सगळं डोक्यात ठेवलं आणि म्हाताऱ्याला शोधायला बाहेर पडली.

काळूबाबा घरामागच्या फणसाखाली सावलीला बसले होते. सदरा काढून ठेवलेला. जुईलीनं आधी पोट पाहिलं. पोट चांगलं गोल होतं, दुपारची भाकरी नुकतीच आत गेलेली दिसत होती. मग किशोरनं पाहिलं ते काय होतं?

ती समोरच्या दगडावर बसली. त्या नव्या मशीनमध्ये नक्की काय केलंत, असं तिनं विचारलं. काही न्हाई, ते म्हणाले, आतून कुणी बाई बोलत होती, तिचं बोलणं काही समजलं नाही. पण आधीच्या फोटोला दम रोखायला लावला होता, म्हणून इथंही तेच असणार असं त्यांनी ओळखलं.

"मग रोखलात?"

"रोकला की."

"कसा रोखलात? मला आत्ता करून दाखवा."

काळूबाबांनी तिच्याकडे पाहिलं. यात दाखवायचं काय, असा तो चेहरा होता. मग त्यांनी मान एका बाजूला वळवली, ओठ किंचित उघडले आणि छातीतला सगळा वारा हळूहळू बाहेर सोडून दिला. सोडतच राहिले. पोट आत गेलं, आणखी आत गेलं आणि पाठीला लागलं. तेवढ्यावर ते थांबले आणि डोळे मिटून दगडासारखे बसून राहिले.

४

"सगळा वारा सोडून का?" जुईलीनं विचारलं तेव्हा तिचा आवाज जरा चिरका झाला होता.

म्हाताऱ्यानं सावकाश श्वास घेतला आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. "मोहळाला मानसाच्या तोंडचा वारा सोसत न्हाई. वारा लागला की माशी उटती, मंग खाली उतरायचं नशिबात नसतं. म्हून आदी तोंड फिरवून दम टाकायचा समदा. रिकामं व्हायचं. मंग हात घालायचा. माज्या बापानं आसंच शिकिवलं. दम भरून कोन रोकतं?"

सगळं जग, बाबा, असं जुईलीच्या अगदी ओठावर आलं होतं. पाण्यात बुडी मारणारा भरून रोखतो, ओझं उचलणारा भरून रोखतो, तिच्या वर्गातले सगळे डॉक्टरही भरूनच रोखतात. म्हणून तर मशीनमध्ये आवाज भरणाऱ्याला दोनदा सांगायची गरज वाटली नव्हती.

तिनं पिंकीला हाक मारली. हिवाळ्यातल्या फोटोच्या वेळी कोण होतं? पिंकी होती. तिथल्या बाई मराठी बोलणाऱ्या होत्या, त्यांनी बाबांना छाती फुगवायला लावली होती. बाबा ऐकेनात म्हणून पिंकीनं दारातूनच ओरडून सांगितलं होतं की ढोलावानी फुगा, मी म्हणेपर्यंत सोडू नका.

एवढंच होतं तर. एक फोटो भरल्या छातीचा, दुसरा रिकाम्या छातीचा. हवा काढून घेतली की चांगलं फुफ्फुससुद्धा आखडून राखाडी दिसतं. फोटो वाचणाऱ्या डॉक्टरनं तो छाती भरूनच काढला असणार असं धरलं, आणि ती सगळी राख आजाराच्या खात्यावर टाकली.

जुईलीनं मोबाइलवर दुसरा स्कॅन उघडला आणि या वेळी फुफ्फुसं सोडून श्वासनलिका पाहिली. पहिल्या फोटोत नळी गोल होती. दुसऱ्यात तिची मागची भिंत पुढे दबून नळीचा अर्धा चंद्र झाला होता. माणसानं श्वास सोडला की हे होतंच. शिकाऊ पोरांना ती स्वतः हे दाखवत आली होती, आणि गुरुवारी पाहायला विसरली होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं.

पिंकी सुटली होती. इथे उठून घरी जाता आलं असतं. पण उतरताना वाटेत जुईली थांबली, कारण त्या रिकाम्या फोटोतले काळे डाग तिला टोचत होते.

सगळी हवा सोडल्यावर सगळं फुफ्फुस राखाडी व्हायला हवं. मग हे तुकडे काळेच का राहिले? तिथली हवा बाहेर पडली नव्हती म्हणून. बारीक बारीक नळ्या आतून सुजल्या की हवा आत जाते आणि अडकून पडते. भरल्या छातीच्या फोटोत सगळंच काळं, त्यात ही अडकलेली हवा दिसणार कशी? ती फक्त रिकाम्या छातीत दिसते. आणि अशी जाळी, अशी अडकलेली हवा एकत्र दिसली की बहुतेक वेळा माणूस रोज काहीतरी असं हुंगत असतो, जे त्याच्या फुफ्फुसांना सोसत नाही.

म्हणजे चुकून निघालेल्या फोटोनं आजाराचं कारण कुठे शोधायचं ते दाखवलं होतं. दीड वर्षं ती ज्याच्यासाठी चाचपडत होती, ते एका मधवाल्याच्या सवयीनं तिच्या पुढ्यात आणून टाकलं.

ते रानात नव्हतं; रानात बाबा बरे असतात. धुराचं नव्हतं. घरात होतं, पण पिंकी आणि निलेश त्याच घरात ठणठणीत होते, म्हणजे ते एकट्या बाबांच्या नाकाशी होतं. रात्रभर नाकाशी असणार, म्हणून सकाळी खोकला जास्त. त्या दिवाळीपासून असणार.

जुईलीला गुरुवारी काळूबाबांच्या खांद्यावर पाहिलेलं पांढरं पीस आठवलं. तेव्हा तिनं कोंबडीचं समजून सोडून दिलं होतं. आणि कोंबड्या तर पावसाळ्यातच संपल्या होत्या.

५

रविवारी फणसाखाली चार माणसं बसली होती. सगळी जवळच्या नात्यातली, वयानं मोठी. निलेश खाली मान घालून कडेला. पिंकीची पिशवी भरून दारात ठेवलेली होती. ती कुणी भरायला सांगितली होती की तिनं आपणहून भरली, हे जुईलीनं विचारलं नाही. प्राजक्ता बापाच्या शेजारी, त्याचा हात हातात धरून. रडून डोळे सुजलेले. कालपर्यंत जुईलीच्या मनात तिच्याबद्दल अढी होती, पण ते डोळे पाहून ती थोडी सैल पडली. बाप मरतोय असं वाटणारी लेक होती ती, दुसरं काही नाही.

जुईलीनं आधी स्वतःचं बोलून टाकलं. गुरुवारी मी जे म्हणाले ते न बघता म्हणाले, चूक माझी, असं तिनं चार माणसांत सांगितलं. मग काळूबाबांना दम रोखून दाखवायला लावला. म्हाताऱ्यांपैकी दोघं मधवाले होते. काळूबाबांचं पोट पाठीला लागलं तेव्हा त्यांना काही विशेष वाटलं नाही, पण मशीनला उलटं हवं असतं हे कळल्यावर मात्र एकजण इतका हसला की त्याला ठसका लागला.

"म्हणजे आजार वाढलेला नाही," जुईली म्हणाली. "हिवाळ्यात होता तिथेच आहे. तो तिथे राहिला, कारण गोळ्या पोटात जात होत्या. पिंकीनं दिल्या म्हणून."

पिंकीनं पदर तोंडाला लावला आणि ती पडवीत गेली. निलेश उठला, दारातली पिशवी उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्याच्या मानानं ते मोठंच भाषण होतं.

"मग हे झालंय कशानं?" प्राजक्तानं विचारलं. शहरात राहून तिची बोली सुधारली होती, पण आवाज घरचाच होता. "कारण सापडलं का, मॅडम?"

जुईली आत गेली आणि खाटेवरची वरची उशी घेऊन आली. अभ्रा काढला. आत पांढरं शुभ्र कापड, कोपऱ्यात विणलेलं हॉटेलचं चिन्ह. शिवणीतून एका पिसाचं टोक बाहेर आलेलं होतं. तिनं ते चिमटीत धरून ओढलं. पीस निघालं आणि फणसाखालच्या वाऱ्यावर हललं.

"ही मी आणली," प्राजक्ता म्हणाली. "आमच्याकडं सगळ्या खोल्यांच्या उशा बदलल्या, तेव्हा जुन्या आम्हाला वाटून टाकल्या. बदकाच्या पिसांच्या आहेत, लई मऊ. बाबा आख्खा जन्म गोधडीची वळकटी डोक्याखाली घेऊन झोपले. पहिली मागल्याच्या मागल्या भाऊबीजेला आणली होती. दुसरी यंदा आणली, त्यांना बसून झोपावं लागतं म्हणून." ती बोलता बोलता मंदावली. बदकाचं पीस डॉक्टरच्या चिमटीत होतं.

प्राजक्ता हुशार होती. ती हिशेब लावत असलेली दिसत होती.

"काही माणसांना पिसांची बारीक धूळ सोसत नाही," जुईली हळू म्हणाली. "खात्रीसाठी रक्त तपासू. पण तोवर या दोन्ही उशा घरात नकोत."

"खोकला कधी लागला बाबांना?" प्राजक्तानं कुणाकडेही न बघता विचारलं. "भाऊबीजेच्या आधी का नंतर?"

काळूबाबांना असल्या गोष्टींचा पत्ता नसायचा. घरातल्यांत उत्तर एकट्या पिंकीला माहीत होतं, आणि ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती. जिनं चार माणसं बसवून तिला घराबाहेर काढायचं ठरवलं होतं, ती नणंद समोर बसलेली. खरं बोलायला आजच्याइतका चांगला दिवस पिंकीला पुन्हा मिळणार नव्हता.

"आदी," पिंकी म्हणाली. "दसऱ्यापास्नंच खोकत व्हते. उशी मागनं आली, ताई. तुमच्या उशीनं थोडं वाढलं आसंल, सुरू काय तिनं न्हाई झालं."

प्राजक्तानं जुईलीकडे पाहिलं. ओपीडीत आशेनं बघणारे डोळे जुईलीनं पुष्कळ पाहिले होते, पण हे तिला फार जड गेले. दीड वर्षं ज्याचा शोध घेतला ते खरं उत्तर तिच्या हातात होतं, चिमटीत धरलेलं. कालच दुपारी पिंकीनं तिला सांगितलं होतं, की दिवाळीच्या आधी बाबांना शिंकसुद्धा ठाऊक नव्हती. पडवीतून पिंकी तिच्याकडे रोखून बघत होती. त्या बघण्यात विनंती नव्हती. तुमचं एक वाक्य मी सोसलंय, आता हे एक तुम्ही मला द्या, एवढंच होतं.

"हो," डॉक्टर म्हणाली. "आधीपासूनच होता."

प्राजक्ता बापाच्या मांडीवर डोकं ठेवून मोकळी रडली. काळूबाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. रडण्याचं कारण त्यांना समजलेलं नव्हतं; मग डोकं कशावर ठेवून झोपायचं, एवढंच त्यांनी विचारलं. पिंकीनं आतून जुनी गोधडी आणली आणि पायरीवर बसून तिची वळकटी करायला लागली.